पाण्यातून हायड्रोजन काढायला धातू कुठला लावायचा?

आमच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत दर काही महिन्यांनी डिस्टिल्ड वॉटर घालावं लागतं. बॅटरीवाला येतो, सहा बुचं उघडतो, मोबाइलचा टॉर्च आत मारतो आणि दरवेळी तेच म्हणतो, "लई पाणी प्यायली की हो." पाणी प्यायली म्हणजे काय, तर चार्जिंगच्या शेवटी-शेवटी विजेनं पाणी फुटलं, त्याचा हायड्रोजन आणि ऑक्सिजन झाला आणि बुचाच्या भोकातून निघून गेला. बॅटरी ठेवलेली खोली बंद ठेवू नका, तिथे उदबत्ती लावू नका असं सांगतात, ते या हायड्रोजनमुळेच.

थोडा हिशेब केला की मात्र वेगळंच कोडं पडतं. पाण्याचे घटक सुटे करायला कागदावर १.२३ व्होल्ट पुरतात. या बॅटरीतल्या प्रत्येक सेलचं व्होल्टेज दोनच्या वर. मग आतलं सगळं पाणी पहिल्या काही दिवसांतच फुटून का जात नाही?

कारण आतल्या पट्ट्या शिशाच्या आहेत, आणि हायड्रोजन तयार करण्याच्या कामात शिसं अट्टल आळशी आहे. तेवढ्याच आकाराच्या प्लॅटिनमच्या पट्टीशी तुलना केली तर शिशाचा मूळ वेग साधारण अब्ज पटीनं कमी भरतो. या आळसावरच शिशाची बॅटरी टिकून आहे. आत चिमूटभर प्लॅटिनम पडलं तरी तिचा निकाल लागेल. जुन्या बॅटऱ्यांमध्ये शिशाला मजबुती यावी म्हणून अँटिमनी मिसळत; ते हळूहळू ऋण पट्टीवर जाऊन बसे, हायड्रोजनचं काम सोपं करून टाकी आणि पाणी भराभर उडे. त्याऐवजी कॅल्शियम घालायला लागले, तेव्हा 'मेंटेनन्स-फ्री' बॅटरी बाजारात आली.

बॅटरीवाल्यांना हायड्रोजन नको असतो. आता याच्या बरोबर उलट गरज असलेल्या लोकांकडे वळू. त्यांना हायड्रोजन हवा आहे, भरपूर हवा आहे, आणि कमीत कमी विजेत हवा आहे. गंमत अशी की दोघांचं शास्त्र एकच.

आधी एक छोटा प्रयोग. पेल्यात पाणी घ्या, त्यात चमचाभर धुण्याचा सोडा विरघळवा. (मीठ घालू नका, मिठाच्या पाण्यातून क्लोरीन निघतो आणि तो छातीला बाधतो.) पेन्सिलीची दोन शिसं बुडवून एका साध्या, दीड व्होल्टच्या सेलला जोडा. दीड म्हणजे १.२३ पेक्षा जास्तच, तेव्हा बुडबुडे यायला हवेत. मी केलं तेव्हा शिसाला चिकटलेले दोन-चार बारीक ठिपके दिसले आणि मग काहीच नाही. दुसरा सेल ओळीनं जोडून तीन व्होल्ट केले, तशी ऋण बाजूनं बुडबुड्यांची बारीक माळ सुरू झाली. पेन्सिलीत खरं तर शिसं नसतं, ग्राफाइट असतं. पण ग्राफाइटही या कामात मंदच.

१.२३ व्होल्ट ही निसर्गानं ठरवलेली किंमत आहे, ती कुणालाच चुकत नाही. त्यावर जे जास्तीचं व्होल्टेज मोजावं लागतं, ते इलेक्ट्रोडच्या, म्हणजे द्रावणात बुडवलेल्या पट्टीच्या किंवा कांडीच्या, पृष्ठभागावर अडलेलं काम पुढे ढकलण्यासाठी. ही दलाली म्हणा हवं तर. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता काम सोपं करून देणारा पदार्थ, मूळ किमतीला हात लावू शकत नाही. तो फक्त दलाली कमी करतो.

ही दलाली केवढी? एक किलो हायड्रोजन मिळवायला सुमारे २६,६०० अँपिअर-तास इतका विद्युतभार लागतो. फॅरेडेनं १८३० च्या दशकात घालून दिलेला हा नियम, त्यात सूट नाही. त्यामुळे सेलवरचा प्रत्येक व्होल्ट किलोमागे २६.६ युनिटं खातो. १.२३ व्होल्टला पावणेतेहतीस युनिटं. (वीज एवढीच द्यायची तर उरलेली ऊर्जा उष्णतेच्या रूपानं पुरवावी लागते, तिचाही हिशेब विजेतच धरला तर आकडा १.४८ व्होल्टवर जातो.) कारखान्यातले सेल चालतात १.८ ते २ व्होल्टवर, म्हणजे किलोला ४८ ते ५३ युनिटं. एक दशांश व्होल्ट वाचवला की किलोमागे पावणेतीन युनिटांच्या आसपास वाचतात. युनिट पाच रुपयांनी धरलं तर तेरा रुपये. जानेवारी २०२३ मध्ये मंजूर झालेल्या राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनचं लक्ष्य २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टनांचं आहे. तेवढ्या हायड्रोजनवर एक दशांश व्होल्ट म्हणजे वर्षाला सुमारे १,३०० कोटी युनिटं. धातूच्या वरच्या एक-दोन अणूंच्या थरासाठी एवढी डोकेफोड का चालते, ते यावरून कळावं.

विजेनं पाणी फोडणं ही कल्पना नवी नाही. व्होल्टाच्या बॅटरीची बातमी पोचताच १८०० साली लंडनमध्ये निकल्सन आणि कार्लाइल यांनी ते करून दाखवलं. आपल्याकडेही भाक्रा-नांगलच्या विजेवर नांगलच्या खत कारखान्यात हायड्रोजन असाच काढत, आणि त्याच्याच जोडीनं १९६२ मध्ये देशातला पहिला जड पाण्याचा प्रकल्प तिथे सुरू झाला. साधा हायड्रोजन इलेक्ट्रोडवरून लवकर सुटतो, त्याचा जड भाऊ ड्यूटेरियम रेंगाळतो, म्हणून मागे उरलेलं पाणी जड होत जातं.

जास्तीच्या व्होल्टेजचा नियम सापडला तो मात्र हायड्रोजन नको असलेल्या माणसाला. युलियस टाफेल हा स्विस रसायनशास्त्रज्ञ जर्मनीत वुर्त्सबुर्गला शिशाच्या इलेक्ट्रोडवर सेंद्रिय संयुगांचं क्षपण करत असे, म्हणजे त्यांना इलेक्ट्रॉन पुरवत असे. त्याला शिसं आवडायचं ते हायड्रोजनला अडवतं म्हणूनच. १९०५ मध्ये त्यानं नोंदवलं की विद्युतप्रवाह दहापट करायचा झाला तर दरवेळी जवळपास ठरावीक व्होल्टेज वाढवावं लागतं. पाऱ्यावर दर दहापटीला एक दशांश व्होल्टहून थोडं जास्त, चांगल्या प्लॅटिनमवर त्याच्या चौथाईच्या आसपास. एखाद्या धातूचा वकूब आजही याच मापानं मोजतात.

आता मुख्य प्रश्न. धातूच्या पृष्ठभागावर नेमकं होतं काय?

आम्लात बुडवलेली ऋण पट्टी डोळ्यांसमोर आणा. द्रावणात हायड्रोजनचे धनभारित आयन फिरतायत. एक आयन पट्टीला टेकतो, धातूकडून एक इलेक्ट्रॉन घेतो आणि अणू होऊन तिथेच चिकटतो. हा पहिला टप्पा. पुढे दोन वाटा. शेजारी चिकटलेला दुसरा अणू भेटला तर दोघं जोडी जमवून निघून जातात. नाहीतर द्रावणातला आणखी एक आयन थेट त्याच्या अंगावर येतो, इलेक्ट्रॉन घेतो आणि जोडी तशी जमते. जोडी जमली की बुडबुडा.

म्हणजे धातूनं दोन परस्परविरोधी कामं करायची. येणाऱ्याला धरायचं आणि जाणाऱ्याला सोडायचं. सोनं, पारा, शिसं हायड्रोजनला नीट धरतच नाहीत, पहिल्या टप्प्यालाच गाडी अडते. टंगस्टन, मॉलिब्डेनम इतकं घट्ट धरतात की सगळी जागा चिकटलेल्या अणूंनीच भरून जाते आणि कुणी हलायला तयार नसतं. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी ही अवस्था. उत्प्रेरकाची पकड ना ढिली ना घट्ट, बेतशीर हवी, हा विचार फ्रेंच शास्त्रज्ञ पॉल साबातिये याच्या नावानं ओळखला जातो. त्याला १९१२ चं नोबेल मिळालं.

१९५८ मध्ये रॉजर पार्सन्स यांनी या विचाराला गणित दिलं. आडव्या अक्षावर पकडीचा जोर, उभ्या अक्षावर हायड्रोजनचा वेग असा आलेख काढला तर दोन्हीकडून चढण आणि मध्ये टोक, असा डोंगर उभा राहतो. जाणकार त्याला ज्वालामुखी म्हणतात. शिखराजवळ प्लॅटिनम. निकेल जरा घट्ट पकडीच्या उतारावर, पण फार खाली नाही. धातूंचं जातकच म्हणा ना. फरक एवढाच, की हे पडताळून पाहता येतं.

पकड कशानं ठरते? प्लॅटिनम, निकेल, तांबं अशा धातूंत डी नावाच्या कक्षकांतले इलेक्ट्रॉन असतात, आणि धातूच्या गर्दीत त्यांच्या ऊर्जांचा एक पट्टा तयार होतो. तो पट्टा जितका वर सरकलेला, तितकी पकड घट्ट; खाली सरकला की ढिली. १९९५ च्या सुमारास डेन्मार्कमध्ये हामर आणि नोर्स्कोव यांनी हे मांडलं, आणि त्यातून एक कामाची किल्ली हाती आली: पट्टा सरकवता येतो! शेजारी दुसऱ्या धातूचे अणू बसवले, तरी सरकतो. अणूंमधलं अंतर थोडं दाबलं किंवा ताणलं, तरी सरकतो. तांबं किंवा निकेल यांच्या अणूंची मांडणी प्लॅटिनमपेक्षा आखूड असते. त्यांच्यावर प्लॅटिनमचा एक पातळ थर चढवला की त्या थराला अंग चोरून बसावं लागतं आणि त्याची पकड जराशी ढिली होते. मिश्रधातू बनवणं हे काम लोहार-सोनार हजारो वर्षं करत आलेत, कडकपणासाठी, रंगासाठी. इथे ते हायड्रोजनच्या एका अणूच्या पकडीसाठी चाललंय.

संगणकावर ही पकड आधीच मोजता यायला लागली तेव्हा भलतीच नावं पुढे आली. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते मॉलिब्डेनम डायसल्फाइड. गॅरेजमध्ये सांध्यांना लावायच्या काळ्या ग्रीसमध्ये हीच पूड असते. तिचे थर पत्त्यांच्या कॅटसारखे एकमेकांवरून सरकतात, म्हणून ती वंगणाला चांगली. पाण्यातून हायड्रोजन काढायला मात्र तिला कुणी हिंग लावून विचारत नव्हतं. २००५ मध्ये डेन्मार्कच्याच गटानं निसर्गातल्या विकरांकडे, म्हणजे सजीवांच्या पेशींतल्या उत्प्रेरकांकडे, पाहिलं. भुईमुगाच्या, हरभऱ्याच्या मुळांवरच्या गाठींत जिवाणू असतात, ते हवेतला नायट्रोजन बांधतात आणि ते करताना थोडा हायड्रोजनही सोडतात. त्यांच्या विकराच्या गाभ्यात लोखंड, गंधक आणि मॉलिब्डेनम असतं. या गाभ्याची हायड्रोजनवरची पकड हिशेबात जवळपास आदर्श निघाली. आणि मॉलिब्डेनम डायसल्फाइडच्या कडेची पकड त्याच्या जवळ जाणारी.

कडेची, हे महत्त्वाचं. पत्त्याचा सपाट भाग निकामी, काम करते ती फक्त कड. २००७ मध्ये हे प्रयोगानं दाखवलं गेलं ते फार देखणं होतं. सोन्याच्या पृष्ठभागावर या पदार्थाची अतिसूक्ष्म बेटं वाढवली, सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक नमुन्यातल्या बेटांचं क्षेत्रफळ मोजलं, त्यांच्या कडांची लांबीही मोजली आणि मग हायड्रोजनचा वेग कशाशी जुळतो ते पाहिलं. क्षेत्रफळाशी जुळेना, कडेच्या लांबीशी जुळला. तेव्हापासून कडा वाढवायची चढाओढ सुरू झाली: पदार्थाला भोकं पाडा, त्याचे बारीक तुकडे करा, थर उभे रचा.

इथे एक गफलत नेहमी होते. वेग दोन प्रकारांनी वाढतो. प्रत्येक जागा जास्त चांगलं काम करते म्हणून, किंवा जागाच जास्त आहेत म्हणून. लावणीला दहाऐवजी शंभर बायका लावल्या आणि वावर लवकर आटोपलं, तर त्या बायका जास्त चपळ होत्या असं कुणी म्हणत नाही. उत्प्रेरकांच्या बातम्यांत मात्र सर्रास तसं म्हटलं जातं.

अर्थात जागा वाढवणं हे कमी दर्जाचं काम नव्हे. मरे रेनी या अमेरिकन अभियंत्यानं १९२० च्या दशकात, खाद्यतेलापासून घट्ट वनस्पती तूप करायच्या उद्योगासाठी, एक युक्ती काढली. निकेल आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वितळवायचे आणि तो मिश्रधातू कॉस्टिक सोड्याच्या द्रावणात टाकायचा. अ‍ॅल्युमिनियम विरघळून जातं, निकेल उरतं ते अनारशासारखं जाळी पडलेलं. आपलं डालडा आणि आजचे हायड्रोजनचे सेल यांचं नातं हे असं आहे: अल्कधर्मी इलेक्ट्रोलायझरमध्ये (विजेनं पाणी फोडायच्या यंत्रात) ऋण बाजूला अजूनही रेनी निकेलचा लेप देतात, कधी त्यात मॉलिब्डेनम मिसळून.

आता अल्क आणि आम्ल हा फरक बघायलाच हवा, कारण सगळं अर्थकारण त्यावर फिरतं. निकेल स्वस्त आहे पण आम्लात विरघळतं. कॉस्टिक पोटॅश या अल्काच्या द्रावणात टिकतं. म्हणून जुन्या, दणकट इलेक्ट्रोलायझरमध्ये कॉस्टिक पोटॅश आणि निकेल अशी जोडी. पण अल्कात हायड्रोजनचे सुटे आयन जवळपास नसतातच. धातूला आधी पाण्याचा रेणू फोडून हायड्रोजन ओढून काढावा लागतो. प्लॅटिनमसुद्धा आम्लाच्या मानानं इथे शंभरेक पट मंदावतं. पकड तीच, पण दारात येणाराच कुणी नाही. शिकागोजवळच्या आर्गोन प्रयोगशाळेत २०११ मध्ये यावर एक साधा उपाय दाखवला: प्लॅटिनमवर निकेल हायड्रॉक्साइडचे बारीक पुंजके बसवले. पुंजक्याच्या काठावर पाणी फुटतं, सुटलेला हायड्रोजन शेजारचं प्लॅटिनम पकडतं. एकानं सोलायचं, दुसऱ्यानं खिसायचं. अल्कासाठी उत्प्रेरक रचणारे बरेच जण आजही याच वाटेनं जातात.

दुसऱ्या प्रकारच्या इलेक्ट्रोलायझरमध्ये द्रावणाऐवजी आम्लधर्मी पातळ पडदा असतो. यंत्र आटोपशीर, सौरऊर्जेच्या चढउताराला चटकन साथ देणारं. पण आम्ल आलं की निकेल बाद. ऋण बाजूला प्लॅटिनम, आणि धन बाजूला, जिथे ऑक्सिजन सुटतो, तिथे इरिडियम. प्लॅटिनम अगदी थोडं पुरतं, त्याची फार चिंता नाही. खरं दुखणं इरिडियमचं. जगभरात वर्षाला जेमतेम सात-आठ टन निघतं, बहुतेक दक्षिण आफ्रिकेत, तेही प्लॅटिनमच्या खाणीतला जोडमाल म्हणून. मागणी वाढली म्हणून कुणी वेगळी इरिडियमची खाण खणू शकत नाही. सध्याच्या पद्धतीनं एका गिगावॉटच्या यंत्रांना काहीशे किलो लागतं. आपल्या मिशनचं सगळं लक्ष्य याच यंत्रांवर गाठायचं ठरवलं तर जगाची काही वर्षांची इरिडियमची कमाई एकट्या भारताला लागेल. म्हणून इरिडियम कमी वापरणं किंवा अल्काच्या बाजूला राहून निकेल-लोखंडावर भागवणं, हे दोनच रस्ते मला खरे वाटतात.

निकेल-लोखंडाची हकिकत मजेशीर आहे. अल्कात ऑक्सिजन सोडायला निकेल ऑक्साइड चांगलं, असं पुष्कळ वर्षं मानलं जाई. १९८७ मध्ये कॉरिगन यांनी दाखवलं की कॉस्टिक पोटॅशमध्ये अशुद्धी म्हणून आलेलं अगदी किंचित लोखंड निकेलच्या थरात शिरतं आणि कामाचा वेग एकदम वाढवतं. पुढच्या संशोधकांनी द्रावणातलं लोखंड पूर्ण काढून टाकलं, तर शुद्ध निकेल बरंच सुमार निघालं. नाव निकेलचं होत होतं, राबत होतं लोखंड.

धन बाजूचं काम मुळात अवघडही आहे. ऑक्सिजनचा एक रेणू बनायला चार इलेक्ट्रॉन जातात आणि मध्ये तीन वेगवेगळे तुकडे पृष्ठभागाला चिकटून जातात. प्रत्येकाची पकड स्वतंत्रपणे बेतता आली असती तर प्रश्न नव्हता. पण ते एका दोरीत बांधल्यासारखे आहेत; एकाची पकड घट्ट केली की दुसऱ्याचीही होते. साध्या पृष्ठभागांवर या बांधिलकीमुळे एक तृतीयांश व्होल्टच्या आसपास दलाली चुकत नाही, असं गणित सांगतं. हायड्रोजनच्या बाजूला चिकटणारा एकच, म्हणून तिथे प्लॅटिनम दलाली जवळपास शून्यावर आणू शकतं.

प्रयोगशाळेतून कारखान्यात जाताना आणखी गळती होते. शोधनिबंधात तुलना होते ती बहुधा दर चौरस सेंटिमीटरला १० मिलिअँपिअरवर. कारखान्यात त्याच्या वीस ते दोनशे पट प्रवाह असतो. तेवढ्या प्रवाहात बुडबुडे इतके येतात की तेच पृष्ठभाग झाकून टाकतात, आणि मग धातूच्या गुणांपेक्षा जाळीचा आकार आणि बुडबुडा किती लवकर सुटतो याला किंमत येते. सौरऊर्जेवरच्या अल्कधर्मी यंत्रात संध्याकाळी वीज थांबली की आत साठलेल्या भारामुळे उलटा प्रवाह वाहतो आणि ऋण बाजूचं निकेल ऑक्सिडीकरण होऊन झिजतं. रोज सकाळी सुरू, रोज संध्याकाळी बंद, अशी वर्षानुवर्षं. ज्वालामुखीच्या आलेखात या झिजेला अक्षच नाही.

आणि एक फजिती, जी या क्षेत्रात बऱ्याच जणांची झाली. 'प्लॅटिनमशिवाय चालणारा नवा उत्प्रेरक' तपासताना सर्किट पूर्ण करायला समोर दुसरा इलेक्ट्रोड लागतो, आणि सवयीनं तो प्लॅटिनमचाच लावला जाई. आम्लात तासन्‌तास प्रयोग चालला की ते प्लॅटिनम कणाकणानं विरघळतं, द्रावणातून पलीकडे जातं आणि नव्या उत्प्रेरकावर जाऊन बसतं. नमुना दिवसेंदिवस सुधारत जातो, आलेख सुंदर येतो, निबंधात लिहिलं जातं की हा पदार्थ वापरानं आणखी कार्यक्षम होतो. त्यामुळे आता जाणकार परीक्षक निबंध हातात आला की आधी हेच पाहतात: समोरच्या टोकाला काय लावलं होतं? उत्तर ग्राफाइटची कांडी असेल तर पुढे वाचतात. पेन्सिलीतलंच ते ग्राफाइट.